नेम

आजी चातुर्मासात वांगं न खाण्याचा नेम धरायची. बंदुकीचा नेम धरतात. आणि पावसाचा काही नेम नसतो. एकाच शब्दाचे हे तीन वापर मी गेल्या हिवाळ्यापर्यंत कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. टेक्सासमधल्या एका सहकाऱ्याच्या गॅरेजमध्ये तीन शनिवार गेले, तेव्हा माझा संबंध फक्त तिसऱ्या वापराशी होता. त्याच्या रायफलचा काही नेम नव्हता, तो आणायचा होता.

रायफल रुगर मिनी-१४. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर वेळी चाप ओढला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप चेंबरमध्ये येते. अमेरिकी लष्कराच्या एम-१४ची ही छोटी आवृत्ती, म्हणून नाव मिनी. १९७०च्या दशकापासून शेतावर, रँचवर वापरली जाते. सहकाऱ्याच्या शेळ्यांवर कायोटी येतात. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा थोराड चुलतभाऊ. शंभर यार्डांवर त्याच्या पाच गोळ्या कागदावर चार-पाच इंचांत पसरायच्या. पहिली बरी जायची, नळी तापली की पुढच्या भरकटायच्या.

ही जुन्या मिनी-१४ची प्रसिद्ध खोड आहे. नळी बारीक असते. तिच्या मध्यावर गॅस ब्लॉक चार स्क्रूंनी आवळलेला असतो. गोळीमागचा थोडा गॅस तिथून एका जड सरकत्या भागाला मागे ढकलतो, त्यातून रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि नवं आत येतं. या सगळ्या आदळआपटीत नळी तारेसारखी थरथरते, तापली की आणखीच. त्यावर उपाय म्हणजे नळीला समांतर एक दांडी घट्ट जोडायची, गॅस ब्लॉकचे स्क्रू सारख्या ताणाने आवळायचे आणि गॅसच्या वाटेतलं बुशिंग बदलून बारीक भोकाचं बसवायचं. शिवाय दुर्बीण. ही रँच मॉडेलची असल्यामुळे रिंगा बसवायच्या खाचा रिसीव्हरवरच होत्या. त्याआधीच्या मिनी-१४वर त्या नसायच्या, दुर्बीण बसवायची तर वेगळा माउंट शोधावा लागायचा. तरी बाहेर उडणारं काडतूस दुर्बिणीवर आपटू नये याची काळजी होतीच.

पाने-स्क्रू सगळं तो करत होता. व्हिसावरच्या माणसाने तिथे बंदुकीला हात न लावलेलाच बरा. माझं काम मोजण्याचं. एका वेळी एकच बदल, मग पाच-पाच गोळ्यांचे चार कागद, मग पुढचा बदल. डीबगिंगच हे. कागदाच्या फोटोवरून भोकांचे मध्य शोधून पसारा मोजणारी छोटी पायथन स्क्रिप्ट मी लिहिली. दांडीनंतर आकडा तीनवर आला, बुशिंगनंतर दोनच्या आसपास. त्या संध्याकाळी मला जो आनंद झाला तो ऑफिसात वर्षभरात झाला नव्हता. "ही स्क्रिप्ट इंटरनेटवर टाक, लोक दुवा देतील," तो म्हणाला.

टाकण्याआधी वर्णन लिहावं म्हणून रात्री रायफलचं नाव शोधलं. ६ डिसेंबर १९८९, मॉन्ट्रियल, एकोल पॉलिटेक्निक. याच मॉडेलची रायफल घेऊन एक माणूस मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या वर्गात शिरला, मुलांना बाहेर काढलं आणि मुलींवर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी त्या इमारतीत चौदा जणी मेल्या. त्यातल्या बारा इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनी. कॅनडाने मिनी-१४वर बंदी घातली ती मे २०२०मध्ये.

माझ्या वर्गात साठातल्या अकरा मुली होत्या. मला त्यांचे रोल नंबर आठवायला लागले.

इथे मी स्वतःशी बराच वाद घातला. वर्गखोलीच्या अंतरावर चार इंच काय आणि दोन इंच काय? त्या माणसाला दांडी, बुशिंग, दुर्बीण यांतल्या कशाचीच गरज नव्हती. म्हणजे आम्ही सुधारलं ते नेमकं तेच, ज्याचा त्या संहाराशी संबंध नाही. उलट शिकारीत अचूकपणा ही जबाबदारीच मानतात, जनावर एका गोळीत जावं, पोटात गोळी घेऊन रात्रभर तडफडू नये. हा युक्तिवाद मला आजही पटतो. पण तो मला सुचला मॉन्ट्रियलबद्दल वाचल्यानंतर. तीन शनिवारांत एकदाही नाही. तेव्हा कायोटीसुद्धा माझ्या डोक्यात नव्हता, फक्त आकडा होता. आधी उत्तर आणि मग प्रश्न, अशा क्रमाने आलेल्या युक्तिवादावर किती विसंबायचं?

द्रोणाचार्यांच्या परीक्षेची गोष्ट आपल्याला एकाग्रतेचा धडा म्हणून सांगतात. अर्जुनाला पक्ष्याचं फक्त डोकं दिसतं (मराठीत त्याचा डोळा झाला), म्हणून तो पास. ज्याला झाड, भाऊ, गुरुजी सगळे दिसत होते त्या धर्मराजाला बाजूला व्हायला सांगितलं. पक्षी तर खोटा होता, कारागिरांकडून करवून घेतलेला, आमच्या कागदासारखाच. खोट्या पक्ष्यावर बाकी सगळं न दिसण्याची सवय करून घ्यायची, म्हणजे खऱ्या वेळी अडचण येत नाही. ऑफिसात मी जाहिरातींवर किती लोक क्लिक करतात याचा आकडा वाढवतो. तिथेही मला डोळाच दिसतो आणि त्याचंच अप्रेझल होतं. आजीचा नेम उलट्या दिशेचा होता. ताटात वांगं दिसायचं, भूकही असायची, ते दिसत असताना ती हात आखडायची.

स्क्रिप्ट म्हटलं तर निरुपद्रवी आहे. कागदावरची भोकं मोजते, धनुर्विद्येच्या क्लबलाही चालेल. ती न टाकल्याने कुठे एक जीव वाचणार नाही, हेही मला कळतं. तरी दोन महिने ती लॅपटॉपवरच आहे.

परवा जेवताना सहकाऱ्याने पुन्हा विचारलं, टाकलीस का? मी म्हटलं, अजून नाही. त्याने फोन पुढे केला. पहाटे एक कायोटी मारला होता, नव्वद यार्डांवरून, एका गोळीत. कुंपणापाशी आडवा पडलेला, डोळे उघडे. मी दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि भोक कुठे आहे ते शोधू लागलो.