तवंदीचा चढ आणि ठिणगीची वेळ

निपाणी मागे पडली आहे. स्तवनिधीजवळून रस्ता तवंदी घाटात शिरतो आणि बेळगावच्या दिशेने चढू लागतो. गाडी पेट्रोलची, बाराशे सीसीची, चार सिलिंडरची. आत चार माणसं, डिकीत सामान. चालवणारं कुणी दुसरंच आहे. तुम्ही शेजारी बसा, गाणी बंद करा आणि लक्ष फक्त इंजिनाकडे न्या.

चढ लागला हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलं. इंजिनाला घाट दिसत नाही, सामान दिसत नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला, थ्रॉटलची झडप उघडली, हवा जास्त आली, एवढंच त्याच्यापर्यंत पोचतं. भार किती, हे ते त्या हवेवरूनच ठरवतं.

आता हवेच्या मागोमाग चला, सावकाश. एअर फिल्टरमधून ती नळीत येते. काही गाड्यांत तिच्या वाटेत एक बारीक तार तापवून ठेवलेली असते. बशीतला चहा फुंकरीने निवावा तशी ती निवू पाहते; तिचं तापमान टिकवायला जितका करंट जास्त लागेल, तितकी हवा जास्त. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत तार नसते. तिथे मॅनिफोल्डमधला दाब, हवेचं तापमान आणि इंजिनाचे फेरे यांवरून हिशेब होतो.

इथे थोडं थांबा. वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर हवेचा दाब सुमारे 101 किलोपास्कल. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर. तिथे तो 93च्या जवळ. दाबाचा सेन्सर ठीक असेल तर इंजिन सुरू न करता, नुसती चावी फिरवल्यावर स्कॅनरवर हाच आकडा दिसायला हवा. ही तपासणी मला फार आवडते. काही खोलावं लागत नाही.

आता एका सिलिंडरमध्ये उतरा. जागा 300 सीसी. समुद्रकाठी, 25 अंशांना, तो पूर्ण भरला तर हवा सुमारे 0.35 ग्रॅम, बेळगावात 0.32. एवढ्याशा वजनावर ठिणगीची वेळ ठरते. हवा कमी भरली, की मिश्रण विरळ होतं आणि हळू जळतं, म्हणून ठिणगी आधी टाकावी लागते. दाट असेल तर लवकर जळतं, आणि ठिणगी फार आधी पडली तर इंजिन ठोके मारू लागतं. म्हणून ती उशिरा. मिनिटाला 3000 फेऱ्यांना क्रँक एका सेकंदात 18,000 अंश फिरतो. त्यातले दोन-चार अंश इकडेतिकडे झाले, की घाटात ऐकू येतं.

मनातल्या मनात त्या तारेवर धूळ बसू द्या. निपाणीच्या वखारींकडची असो की बेळगावच्या उद्यमबागेतली, फिल्टर चुकवून आलेली. तार कमी निवते. खरी हवा 0.30 ग्रॅम, आकडा येतो 0.25. पेट्रोल कमी पडतं. ऑक्सिजन सेन्सर ते ओळखतो आणि भर घालतो. मिश्रण सावरलं. ठिणगी मात्र वेळेच्या तक्त्यात अजून कमी भाराच्याच रकान्यात, म्हणजे गरजेपेक्षा आधी. नॉक सेन्सर तिला मागे ओढतो खरा, पण ठोका पडल्यावर.

हीच चूक काही जण हौसेने करतात. मोठे इंजेक्टर बसवतात, पेट्रोल जास्त होतं, मग ते कमी करायला हवेचाच आकडा खाली ओढतात. मिश्रण बरोबर, प्लगही स्वच्छ, आणि मालक खूश. पण भाराचा आकडाही त्यासोबत उतरला, आणि टायमिंग कुणी हात न लावता पुढे सरकलं. याला ट्यूनिंग म्हणायला मी तयार नाही. बदल इंजेक्टरमध्ये केला, तर आकडाही इंजेक्टरचाच बदलावा. हवेच्या आकड्याला हात लावू नये.

घाटमाथा आला. पाय हलका झाला, मॅनिफोल्डमधला दाब उतरला. आता आकडा चुकीचा असला तरी ठोका पडत नाही. थोडी ताकद वाया जाते, तेवढंच. गॅरेजच्या दारात इंजिन नुसतं चालू ठेवून 'आवाज नाही' म्हणणारा मेकॅनिक म्हणूनच खोटं बोलत नसतो. स्कॅनर जोडलेलाच ठेवा, त्या मेकॅनिकला शेजारी बसवा आणि गाडी तिसऱ्या गिअरमध्ये पुन्हा तवंदीवर घाला.