पाचवा पातकी

धर्मशास्त्राने सुरापानाला ब्रह्महत्येच्या पंक्तीत बसविले, हे बहुतेकांच्या कानांवर असते. परंतु महापातकांच्या त्या यादीतले शेवटचे कलम सहसा कोणी उच्चारीत नाही. ब्रह्महत्या, सुरापान, सुवर्णाची चोरी आणि गुरुपत्नीगमन या चार पातकांच्या मागोमाग मनुस्मृतीने, असल्या पातक्यांशी संसर्ग ठेवणारा हा पाचवा महापातकी मानला आहे. आणि वर्षभर ज्या संसर्गाने मनुष्य पतित होतो त्याचा तपशील देताना यान, आसन आणि अशन, म्हणजे एका वाहनातून जाणे, एका बैठकीवर बसणे व एकत्र खाणे, ही अगदी नित्याच्या व्यवहारातली नावे घेतली आहेत. पिणाऱ्याला उकळती सुरा पिऊन देह ठेवण्याचे प्रायश्चित्त फर्माविणाऱ्या ग्रंथकाराने, थेंबही न घेता नुसत्या शेजारी बसणाऱ्याची एवढी दखल का घ्यावी, हा प्रश्न मला मुंबईतल्या हॉटेलांच्या बारमध्ये पडला, कारण तेथील मित्रमंडळात न पिणारा असा मी एकटाच असतो.

फोर्टातल्या मध्यम प्रतीच्या हॉटेलांत कचेऱ्या सुटण्याच्या सुमारास कॉकटेले सवलतीच्या दरात मिळतात, तेव्हा आम्ही तेथे जमतो. काउंटरमागचा इसम पेल्याच्या कडेवरून लिंबाची फोड फिरवितो, ती ओली कड बशीतल्या मिठावर उलटी टेकवितो आणि मग शेकर कानाशी नेऊन असा हलवितो की बर्फाच्या आवाजावरूनच त्याला काय ते कळत असावे. चखण्याची बाजू मात्र गरिबाघरची: उकडलेल्या शेंगदाण्यांवर बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि लिंबू, शिवाय मसाला पापड, जो टोमॅटोच्या पाण्याने पाहता पाहता मऊ पडतो, म्हणून त्याच्यावर सर्वांचे हात एकदमच पडतात. एका कॉकटेलाच्या किमतीत साऱ्या टेबलाचा चखणा येतो, आणि तो संपवितो कोण, तर फ्रेश लाइम सोड्याचा ग्राहक, ही थट्टा मराठी मंडळींत जुनी आहे व माझ्या बाबतीत ती सर्वस्वी खरी आहे.

पराशरस्मृतीने अशा माणसाला एक सोयीची पळवाट ठेवली आहे. कृतयुगात पतिताशी नुसते बोलल्याने पातित्य येई, द्वापरात त्याचे अन्न घेतल्याने येई, कलियुगात मात्र ते स्वतःच्या कर्मानेच येते, असा तिचा निर्वाळा आहे. तेव्हा शेंगदाण्यांच्या बशीत हात घालणारा मी फार तर द्वापरातला गुन्हेगार ठरतो, आणि तो गुन्हा आता मुदतीबाहेर गेलेला आहे. (सुरेचा मूळ निषेध तीन वर्णांपुरताच होता, शूद्राला त्यात ओढण्याची तसदी ग्रंथकारांनी घेतली नाही, ही उदारता खचित नव्हे.) सरकारची भूमिका तर याहूनही सौम्य. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली पिणाऱ्याला जो परवाना मिळतो, तो आरोग्याचे जतन व संरक्षण व्हावे म्हणून. आणि त्या परवान्याने परमिट रूमच्या पाटीला जन्म दिला असला, तरी आमच्या टेबलावर तो कोणी कधी काढून दाखविलेला मी पाहिला नाही.

तथापि पराशरांची ही सूट घेऊन मोकळे होणे मला जमत नाही, आणि त्याला कारण शुक्राचार्यांची कथा. महाभारतात असुर शुक्राचार्यांचा शिष्य कच याला जाळून त्याची राख सुरेत कालवितात व ती सुरा गुरूला पाजतात. खाडिलकरांनी ‘विद्याहरण’ नाटकात रंगभूमीवर आणलेला प्रसंग तो हाच. प्रकार उघडकीला आल्यावर शुक्राचार्य पिणाऱ्या ब्राह्मणाला ब्रह्महत्येचा धनी ठरवितात, पण ज्यांनी पेला हाती दिला त्या असुरांची मूर्ख एवढ्याच शब्दावर सुटका होते. प्रमाद पिणाऱ्याच्या पदरी आणि मैफल बिनदोष, हा निवाडा मला अपुरा वाटतो. दुसरा पेला तहानेने मागविला जातो असे नाही. “तू आहेस ना, घरी सोडशीलच,” असे माझ्याकडे पाहून म्हटले जाते आणि मग मागविला जातो. म्हणजे मी तेथे नुसता प्रेक्षक नसतो, जामीन असतो, आणि जामीनदाराला निर्लेपपणाचा दावा सांगता येत नाही.

म्हणून स्मृतीच्या त्या तिन्ही शब्दांचे मूल्यमापन मी माझ्यापुरते निराळे करतो. अशनात दोष नाही, शेंगदाणे शेंगदाणेच. यान, ज्याला पातकाच्या यादीत घातले, ते रात्री मित्राला त्याच्या दारापर्यंत पोहोचविण्याच्या कामी येत असेल, तर ते पुण्याच्याच खाती जमा व्हावे. राहता राहिले आसन, आणि अडचण सारी तेथेच आहे. वर्षाची अट घालणाऱ्याला एका संध्याकाळचे सोयरसुतक नव्हते, हे मला त्या कलमातले सर्वांत शहाणपणाचे वाटते. कारण वर्षभर एकाच बाकावर बसणाऱ्याला, कोणाचा हात पहिल्या पेल्यापूर्वी थरथरतो आणि कोण शुक्रवारची वाट न पाहता मंगळवारीही एकटाच येऊन बसतो, हे दिसलेले असते, आणि ते दिसल्यावरही बशी पुढे ओढून तो विषय बदलतो.