मनाचे दार



ज्येष्ठात निवृत्तिनाथ महाराजांची पालखी त्र्यंबकेश्वरहून निघून नाशकात येते, तेव्हा वाटेत भेटेल त्या वारकऱ्याच्या आपण पाया पडतो. त्याच्या मनात काय आहे, हे आधी विचारत नाही. आज त्या न विचारण्याविषयी थोडे बोलू.

आपल्यापैकी कोणाच्या घरी फिट येणारे लेकरू असेल, तर मेंदूचा आलेख, म्हणजे ईईजी, ठाऊक असेल. मेंदूच्या पेशी काम करताना वीज निर्माण होते. डोक्याच्या त्वचेवर ती फार क्षीण असते. एका व्होल्टचे दहा लाख भाग केले, तर त्यातले साधारण दहा ते शंभर. माणसाच्या डोक्यावरून ती पहिल्यांदा १९२४ साली जर्मनीत हान्स बर्गर यांनी नोंदवली. पूर्वी वायरी चिकटवून लेकराला निजवून ठेवावे लागे. आता बिनतारी सेन्सरची टोपी घालून माणूस हिंडू-फिरू शकतो आणि आलेख दूरच्या संगणकावर उमटतो. ज्या घराने फिट पाहिली, त्याला हा उपकार वाटतो, आणि तो आहेच.

पण मेंदूचा आलेख पुण्यात न्यायालयापर्यंतही गेला. २००८ साली एका खून खटल्यात एका तरुणीला जन्मठेप झाली, तेव्हा निकालात अशा चाचणीचाही आधार घेतला गेला. वाक्ये ऐकवली, की ते कृत्य स्वतः केल्याची आठवण आलेखात दिसते, असा चाचणीचा दावा होता. जाणकारांनी त्यावर शंका घेतल्या. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की संमतीवाचून कोणाचीही अशी चाचणी करता येणार नाही. संमतीने केली, तरी नुसता तिचा निष्कर्ष पुरावा म्हणून धरता येणार नाही.

विचार करा, चौकशीच्या खोलीत एकच गोष्ट दहादा ऐकलेल्या माणसाला ती आठवणारच. आठवण आहे म्हणून दोष आहे, असे कसे म्हणावे?

आता आपल्या घराकडे पाहू. “तिच्या मनात काय आहे ते मला चांगलं ठाऊक आहे,” असे आपण सुनेबद्दल सहज म्हणतो. कीर्तनात डोळे मिटून बसलेल्याला ढोंगी ठरवतो. आपल्यापाशी ना यंत्र, ना त्याची संमती. आरोप आपला आणि निकालही आपलाच. न्यायालयाने चाचणीला जी मर्यादा घातली, ती आपण आपल्या जिभेला घातली आहे का?

विठुरायापुढे आपण मन उघडे करतो, ते आपल्या इच्छेने. तो कमरेवर हात ठेवून उभा आहे. कोणाचे दार ढकलत नाही. या वारीत शेजारच्या माउलीचे दारही तिचे तिला उघडू द्या. तोवर पाया पडावे आणि सोबत चालावे.

रामकृष्ण हरि!