कुरडयांची सावड

चैत्र सरत आला की दौंडच्या आमच्या रेल्वे क्वार्टरच्या मागच्या अंगणात पहाटे चारला तीन दगडांची चूल पेटायची. तीन दिवस भिजवलेले, रोज पाणी बदललेले गहू आदल्या दिवशी वाटून, पिळून, गाळून ठेवलेले असायचे. रात्रभरात चीक तळाला बसायचा. वरचं आंबूस पाणी ओतून द्यायचं काम आजी दुसऱ्या कोणाला करू द्यायची नाही, कारण पातेल्याला जरा हिसका बसला की बसलेला चीक पुन्हा वर येतो. मग आधणात मीठ, त्यात चिकाची धार, आणि दोघी जणी आळीपाळीने तो हाटायला बसायच्या. गुठळी होऊ द्यायची नाही, तळाला लागू द्यायचा नाही. एकीचा हात भरून आला की दुसरी पुढे. चीक गरम आहे तोवर सोऱ्यात भरून बाजेवरच्या जुन्या लुगड्यावर कुरडया घालायच्या, त्यासाठी आणखी तिघी. ऊन चढायच्या आत सगळं आवरायचं. उरलेल्या चोथ्याच्या भुसवड्या. आम्हा मुलांना वाटीत गरम चीक आणि वर तेलाची धार.

त्या अंगणात कोणी कोणाला ‘कुरडयांची रेसिपी सांगा’ असं म्हटल्याचं मला आठवत नाही. नवी सून पहिल्या वर्षी गहू निवडायची, दुसऱ्या वर्षी कुरडया उलटायची, तिसऱ्या वर्षी तिच्या हातात हाटायचं लाकूड यायचं. चीक शिजला की नाही हे विचारलं, तर उत्तर एकच: हात ओला करून लावून बघ. बोटाला चिकटला नाही तर शिजला. हे वाक्य मी पुढे पुस्तकांतही वाचलं. पण पहिल्यांदा बोट लावलं, चटका बसला आणि शेजारच्या काकूंनी ते बोट पाण्यात बुडवून पुन्हा लावायला लावलं, त्या वेळी मला ते कळलं.

शेतीत याला सावड म्हणतात. आज तुझ्या रानात मी, उद्या माझ्या रानात तू. मजुरीचा हिशोब नाही, दिवसाच्या बदल्यात दिवस. वाळवणाच्या दिवसांत बायकांची अशीच सावड चालायची आणि पाककृती तिच्याच पाठीवर बसून घरोघर जायची. घरगुती पदार्थांची देवाणघेवाण म्हटलं की आपण तिला बायकांचा मनमोकळेपणा, हौस, फार तर गप्पांचा भाग समजतो. मला ती कामाची व्यवस्था वाटते. पाच हातांशिवाय कुरडई होत नव्हती, म्हणून पाच घरांना ती येत होती. आता तयार कुरडया दुकानात मिळतात आणि सोऱ्या माळ्यावर गेलाय. बायकांचे ते दिवस वाचले, त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते काम कंबर मोडणारं होतं. मात्र सावड मोडली तेव्हा तिच्या पाठीवरून येणारं शिक्षणही थांबलं, आणि त्याची नोंद कुठेच झाली नाही, कारण मुळात त्याला शिक्षण म्हणायची पद्धतच नव्हती.

दौंड तालुक्यातली गुऱ्हाळं या बाबतीत मला फार शिकवून गेली. केडगावकडच्या एका गुऱ्हाळावर लहानपणी वडिलांबरोबर जायचे. काहिलीत रस उकळायचा, रानभेंडीचा चिकट रस घालून मळी वर आणायची, ती झाऱ्याने काढत राहायचं, आणि शेवटी गुळव्या उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून चिमटीत धरायचा. त्याची गोळी वळली की काहील उतरवायची. तापमापी लावला तर तो ११८ अंशांच्या आसपास दाखवेल. गुळव्याला त्याची गरज नव्हती. घरी आल्यावर संक्रांतीच्या आधी आई तिळाच्या वड्यांसाठी पाक करायची आणि वाटीतल्या पाण्यात थेंब टाकून तशीच गोळी वळून बघायची. परीक्षा तीच, बोटं तशीच. पण गुळव्याला गावात कारागीर म्हणत, हंगामाला त्याला बोलावणं येई, त्याची मजुरी ठरे. आईच्या गोळीला ‘हाताला चव आहे’ एवढंच म्हटलं जाई. हाताला चव आहे म्हणणं हे कौतुक आहे खरं, पण त्याने बाईची अक्कल तिच्या बोटात ढकलून दिली जाते. गोळी वळते ती निरीक्षणाने, आणि त्यामागे शंभर वेळा बिघडलेला पाक असतो.

घरोघरच्या युक्त्यांमध्ये हे निरीक्षण ठासून भरलेलं आहे. डाळ पुरती शिजल्याशिवाय गूळ किंवा चिंच घालू नको, नाहीतर डाळ मऊ होत नाही. खिरीचं दूध कोमट झाल्यावरच गूळ घाल, नाहीतर फाटतं. पुरणात पळी उभी राहिली की पुरण झालं. बाजरी थोडी थोडी दळ, तिचं पीठ आठवडाभरात कडू होतं. पीठ विरी गेलं असेल तर आधणाच्या पाण्याने उकड काढून भाकरी कर. यातल्या प्रत्येक वाक्यामागे कारण आहे. बाजरीत स्निग्धांश जास्त, म्हणून पीठ लवकर खवट होतं. तिच्यात गव्हासारखा चिकटपणा नाही, म्हणून गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुलवून ती बांधावी लागते. चिंच आंबट, आणि आंबटात डाळीचा गर घट्टच राहतो. आजीला स्टार्च हा शब्द माहीत नव्हता, कारण मात्र माहीत होतं. आणि युक्ती म्हणजे मुख्यतः वाचवलेला वेळ आणि वाचवलेलं जळण. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि पुरुषांची ९७. ज्या घरात ही तफावत आहे तिथे ‘हुलगे रात्रीच भिजत घाल’ हे वाक्य कोणाच्या तरी आयुष्यातला अर्धा तास परत देतं.

दौंड हे जंक्शन आहे. मुंबई-मद्रास मार्गावरचं ठाणं, १८७८ पासून मनमाडकडे फुटणारा फाटा, आणि त्यामुळे कॉलनीत तेलुगू, तमिळ, अँग्लो-इंडियन, मुसलमान, मराठी अशी घरं भिंतीला भिंत लावून. आमच्या पलीकडे एक तेलुगू कुटुंब होतं. पावसाळ्यात अंबाडी स्वस्त झाली की आई भाजी करायची, कण्या घालून, वर लसणाची फोडणी. दोन दिवसांनी उरलेली जुडी पिवळी पडून फेकली जायची. पलीकडच्या अम्मांनी ते एकदा पाहिलं आणि जुडी हातातून काढून घेतली. त्यांच्याकडे हाच पाला गोंगुरा. त्यांनी तो धुऊन, कापडावर पूर्ण सुकवून तेलात परतायला घेतला. आई म्हणाली, झाला आता. अम्मा म्हणाल्या, पाणी गेलं नाही अजून. आणखी अर्धा तास परतल्यावर पाल्याचा काळपट गोळा होऊन कडेला तेल सुटलं, मग लाल मिरची, मीठ. ती बरणी दिवाळीपर्यंत टिकली. ‘पाणी गेलं की टिकतं’ हे आईने त्या दिवशी शिकून घेतलं, आणि पुढे तेच तिने टोमॅटोला, कैरीच्या किसाला, लसणाच्या चटणीला लावलं. अम्मा बदल्यात बाजरीची भाकरी थापायला शिकल्या. महिनाभर त्यांच्या भाकरीला कडेने भेगा पडायच्या.

मी हे सांगताना सावडीचं सोवळंही विसरत नाही. आमच्या अंगणात कॉलनीतल्या सगळ्याच बायका येत नव्हत्या. कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या हातचं नाही, यावर कोणती युक्ती कोणत्या भिंतीपर्यंत जाणार हे ठरत होतं. या तालुक्यात त्या भिंतीला हात घालणारी एक जागा होती. पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या मुली केडगावच्या मुक्ती सदनात राहिल्या. आधीच्या शारदा सदनात जातीचे नियम पाळायची मोकळीक होती. केडगावात वेगवेगळ्या जातींच्या मुली एका आवारात शेती, विणकाम, छपाई आणि स्वयंपाकही शिकत होत्या. स्वयंपाक हा विणकामासारखा, खिळे जुळवण्यासारखा कोणीही शिकावा असा हुन्नर आहे, घराण्याचा वारसा नव्हे, ही त्यातली गोष्ट मला फार मोठी वाटते.

छापील पुस्तकाचं मोलही मला इथेच दिसतं. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापाने लिहिलं गेलं. ज्या मुलीला सासू नव्हती, जिची सासू शिकवत नव्हती, जी नवऱ्याच्या बदलीने परमुलखात एकटी पडली होती, तिला कोणाच्या अंगणात बोलावणं यायची वाट बघावी लागली नाही. कमलाबाईंना एक लाख सुनांची सासू म्हणत ते उगीच नव्हे. तरीही पुस्तकातल्या वाटीला कोणाचं तरी घर असतंच. मराठी पाककृतींच्या पुस्तकांनी दीर्घकाळ एका विशिष्ट थरातलं जेवण हेच महाराष्ट्राचं जेवण म्हणून मांडलं. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ २०१५ साली आलं, त्यात मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतलं जेवण आहे, वाळवलेल्या मांसाच्या चान्या आहेत. ते वाचताना मला आमच्या क्वार्टरमागची आणखी एक रांग आठवली, जिथून वास यायचे आणि ज्या घरांत काय शिजतं हे आमच्याकडे कोणी कधीच विचारलं नाही. विचारलं नाही, म्हणजे शिकलोही नाही.

दुसरी गोष्ट नावांची. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. दळणारी बाई कवी आहे, म्हणून तिचं नाव लागलं पाहिजे, इतकी साधी गोष्ट. पाककृतीच्या बाबतीत आपण हे करत नाही. ‘पारंपरिक’ हा शब्द लावला की ज्या बाईने पहिल्यांदा पाणी आटेपर्यंत परतलं ती पुसली जाते. आणि नाव गेलं की विचारायची सोयही जाते. आज फोनवर दिवसाला दहा युक्त्या येतात. भाजी हिरवीगार राहावी म्हणून चिमूटभर सोडा घाला, अशी एक सगळीकडे फिरते. सोड्याने रंग राहतो, पण भाजीतली काही जीवनसत्त्वं नष्ट होतात. अंगणात कोणी हे सांगितलं असतं तर कुणीतरी लगेच विचारलं असतं, तुझ्याकडे केलं होतंस का, मुलांना बाधलं का? सांगणारी समोर असायची, पुढच्या आठवड्यातही असायची. ती जबाबदारी निनावी सल्ल्यावर कोणाची?

नाव लावायचं म्हटलं की मोलाचा प्रश्नही येतो. बचत गटातल्या एका बाईकडून मी काळा मसाला आणि येसूर घेते. येसूर म्हणजे भाजलेली धान्यं, डाळ आणि मसाले एकत्र दळलेलं पीठ. आमटी दाट करायला आमच्या भागात लग्नकार्यात तेच लागतं. तिचं प्रमाण मला पुष्कळदा विचारावंसं वाटलं. विचारलं नाही, आणि विचारू नये असंच माझं मत आहे. सावडीत मी तिला दिवस देत होते, ती मला युक्ती देत होती. आता ती मसाल्यावर मुलाची फी भरते आणि माझ्याकडे तिला द्यायला दिवस नाही, पैसेच आहेत. तिने हातचं राखून ठेवलं तर तो तिचा कोतेपणा नव्हे, तिचं भांडवल आहे. ज्ञान सगळ्यांचं असावं असं मी मनापासून मानते, पण ते सगळ्यांचं करायचा आग्रह सगळ्यात आधी गरीब बाईच्या दाराशी धरला जातो, हे मला पटत नाही.

आईची वही माझ्याकडे आहे. तिच्यात पदार्थांची नावं माणसांवरून आहेत: अम्मांची अंबाडी, नगरच्या वहिनींचे सांडगे, गार्डसाहेबांच्या घरचा केक. मापं तुटक, नाव मात्र प्रत्येक पानावर. एका पानावर फक्त ‘शेंगोळे – आई’ एवढंच आहे आणि खाली कोरं. आजीचे शेंगोळे तिला येतच होते, लिहायचं कशाला. तालुक्याच्या कालव्याखालच्या रानात ऊस आला आणि हुलगा दिसेनासा झाला, आईही गेली. मागच्या थंडीत मी शिरूरच्या मावशीला फोन करून प्रमाण विचारलं. ती म्हणाली, “प्रमाण कसलं गं? ये इकडं, हुलगे दळून ठेवते.”

गेले. तिने पिठात लसूण, मिरची, मीठ घालून घट्ट मळलं, वळून कडी जोडली आणि फोडणीच्या पाण्यात सोडायला माझ्या हाती दिली. मी घाई केली, पहिल्या चार कड्या विरघळून गेल्या. मावशी रागावली नाही. त्या कड्यांनीच आमटी दाट होईल, एवढंच म्हणाली आणि चुलीत आणखी एक लाकूड सारलं. वहीतल्या त्या कोऱ्या पानावर आता आईच्या अक्षराखाली माझं अक्षर आहे: पाणी खळखळून उकळल्याशिवाय सोडू नयेत. मावशी, शिरूर.