चरीचा संप आणि बुडापेस्टचा संप

दूरदेशीच्या संघर्षाविषयी विरोधी पक्षाने दिलेला निवाडा चुकला, तर ती चूक कोणत्या मापाने मोजावी, हा प्रश्न कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे १९८१ पासून ज्याला रायगड म्हणतात त्या जिल्ह्याच्या, इतिहासात १९५६ च्या नोव्हेंबरात तीव्रतेने उभा राहतो. १ नोव्हेंबरला मुंबईचे द्वैभाषिक राज्य, म्हणजे मराठी आणि गुजराती प्रदेशांना एकत्र बांधून संयुक्त महाराष्ट्राची मागणी नाकारणारे राज्य, अस्तित्वात आले. त्याच दिवशी हंगेरीचे पंतप्रधान इम्रे नॉज यांनी वॉर्सा करारातून, म्हणजे सोव्हिएत संघाच्या लष्करी गटातून, आपला देश बाहेर पडत असल्याचे जाहीर केले, आणि ४ नोव्हेंबरला सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. सुमारे अडीच हजार हंगेरियन मारले गेले आणि जवळपास दोन लाखांनी देश सोडला. संयुक्त महाराष्ट्र समितीचा प्रमुख घटक असलेल्या आणि श्रीपाद अमृत डांगे ज्याच्या पहिल्या फळीत होते त्या भारतीय कम्युनिस्ट पक्षाने या कारवाईचे समर्थन केले. त्याच्या मते ती प्रतिक्रांतीविरुद्धची, म्हणजे समाजवादी सत्ता उलथवू पाहणाऱ्या उठावाविरुद्धची, कारवाई होती.

या समर्थनाचा विचार येथे एका कल्पिलेल्या संवादातून केला आहे. त्यातील एक व्यक्ती म्हणजे अलिबागच्या खारेपाटातला, भरतीचे पाणी बांधांनी अडवून भात पिकवणाऱ्या पट्ट्यातला, वृद्ध कार्यकर्ता. शेतकरी कामगार पक्षाच्या (शेकापच्या) रिवाजाप्रमाणे त्याला सारे ‘भाई’ म्हणतात. दुसरी व्यक्ती म्हणजे त्याच तालुक्यातील शाळेत इतिहास शिकवणाऱ्या बाई.

भाईंचा पहिला मुद्दा अंतराचा होता. “बाई, मुंबई हातातून जाते की काय, या चिंतेत इथला माणूस होता. चिंतामणराव देशमुख मूळ याच जिल्ह्यातले आणि इथूनच लोकसभेवर गेलेले. त्यांनी त्याच वर्षी मुंबईसाठी अर्थमंत्रिपद सोडले. आंदोलनातल्या गोळीबारात माणसे पडली होती. अशा वेळी हंगेरीत काय झाले याचा हिशेब डांग्यांकडून मागायचा कशाला?”

बाईंनी अंतराचा मुद्दा मान्य केला नाही. त्याच आठवड्यात सुएझ कालव्यासाठी इस्राएल, ब्रिटन आणि फ्रान्स यांनी इजिप्तवर हल्ला केला होता, आणि अलिबाग-रेवदंड्याकडच्या बेने इस्राएल कुटुंबांतली माणसे तोवर इस्राएलला जाऊन राहू लागली होती. तेव्हा दूरचे युद्ध या किनाऱ्याला खरोखर किती दूर होते, असे त्यांनी विचारले. “आणि भाई, सुएझच्या बाबतीत डांग्यांच्याच पक्षाने आक्रमणाला आक्रमण म्हटले, ते योग्यच होते. दृष्टी होती. मग ती बुडापेस्टला कुठे गेली?”

“बातम्या कोणाच्या होत्या?” भाई म्हणाले. “इजिप्तवर बाँब टाकणाऱ्यांच्या देशातल्या वृत्तसंस्थांच्या. त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा?”

या प्रश्नात तथ्य आहे, आणि तो बाजूला सारणे अन्यायाचे होईल. कारण वसाहतवादी सत्तांच्या बातम्यांनी फसवले जाण्याचा अनुभव त्या पिढीने पुरेपूर घेतला होता. परंतु शंकेचे तर्कशास्त्र माणसाला मौनाकडे किंवा चौकशीकडे नेते, निवाड्याकडे नेत नाही. बाईंनी नेमके तेच दाखवले: पक्षाने लंडनच्या बातमीवर शंका घेतली आणि मॉस्कोच्या बातमीवर घेतली नाही, म्हणून जे घडले ते सावधपण नव्हते, तर विश्वास कोणावर ठेवायचा हे आधीच ठरवून टाकणे होते.

तेव्हा भाईंनी सरकारकडे बोट दाखवले. संयुक्त राष्ट्रांत हंगेरीत देखरेखीखाली निवडणुका घेण्याची मागणी करणारा ठराव ९ नोव्हेंबरला आला, तेव्हा नेहरूंच्या सरकारने सोव्हिएत गटाबरोबर विरोधी मत दिले होते. मग एकट्या कम्युनिस्टांनाच दोष का द्यायचा? बाईंचे उत्तर या संवादातला सर्वांत महत्त्वाचा भाग मानावे लागेल. सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन यांनी १९५५ च्या भेटीत काश्मीरच्या प्रश्नावर भारताची बाजू घेतली होती आणि सुरक्षा परिषदेत त्यांच्या नकाराधिकाराची गरज पडणार होती, जशी ती फेब्रुवारी १९५७ मध्ये पडलीही. त्यामुळे सरकारचे मत चुकीचे असले तरी त्याच्या पाठीशी एक ओझे होते. विरोधी पक्षाकडे सैन्य नसते, करार नसतात, राजदूत नसतात. परराष्ट्रव्यवहारात त्याच्यापाशी फक्त निर्णयबुद्धी असते, आणि तीच त्याने दुसऱ्याच्या स्वाधीन केली तर त्याच्या बोलण्यात स्वतःचे असे काही उरत नाही. जयप्रकाश नारायण यांच्याकडे तरी दुसरे काय होते? तरीही त्यांनी हंगेरीवरून नेहरूंना उघडपणे सुनावले.

भाई बराच वेळ थांबले आणि मग त्यांनी खरा पेच मांडला. समितीचे सरचिटणीस एस. एम. जोशी समाजवादी होते; हंगेरीच्या प्रश्नावर समाजवादी आणि कम्युनिस्ट यांची तोंडे दोन दिशांना होती, आणि १९५७ ची निवडणूक काही महिन्यांवर आली होती. “उधाणाच्या वेळी बांधाला खांड पडली तर अख्ख्या गावाची शेती खारी होते. समाजवाद्यांनी तेव्हा भांडण काढले असते, तर द्वैभाषिक कायम राहिले असते. ते तुम्हांला चालले असते?”

“नसते चालले,” बाई म्हणाल्या. “समिती मोडू नये हेच बरोबर होते. पण खांड काही एका उधाणाने पडत नाही, भाई. खेकड्यांची बिळे बुजवायची राहतात, म्हणून पडते. समितीच्या व्यासपीठावर गप्प राहणे ही शिस्त झाली. स्वतःच्या पक्षाच्या सभेत, स्वतःच्या लेखात गप्प राहणे हे बीळ तसेच ठेवणे झाले.”

यानंतर बाईंनी बुडापेस्टच्या कामगार परिषदांचा विषय काढला. या परिषदा म्हणजे कारखान्याकारखान्यांत कामगारांनी स्वतः निवडलेली मंडळे. रणगाडे शहरात आल्यानंतरही त्यांनी काम बंद ठेवले आणि डिसेंबरात अठ्ठेचाळीस तासांचा सार्वत्रिक संप केला; त्याच सुमारास त्यांच्या पुढाऱ्यांना पकडण्यात आले. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या पक्षाने ज्या उठावाला प्रतिक्रांती म्हटले, त्यात हे संपकरीही आले. खारेपाटातल्याच चरीच्या परिसरातील कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांची, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या आणि कुळांकडून पीक घेणाऱ्या जमीनदारांची, शेते पडीक ठेवली होती, हे भाईंना सांगण्याची गरज नव्हती. बाईंनी एवढेच विचारले, की चरीच्या कुळांना कोणी दूरच्या राजधानीतून दंगेखोर ठरवले असते, तर खारेपाटाने ते ऐकून घेतले असते का.

येथे भाईंचा बचाव संपला. तरीही ते हरले असे म्हणणे बरोबर होणार नाही, कारण पुढचा प्रश्न त्यांचाच होता. १९५७ मध्ये कुलाब्याने समितीच्या बाजूने शेकापचे राजाराम राऊत लोकसभेवर पाठवले. हंगेरीचे सारे कळले असते, तर ते मत बदलायला हवे होते का? बाईंनी क्षणभरही न थांबता नाही म्हटले. मत मुंबईसाठी होते आणि ते योग्य होते. बदलायला हवी होती ती मतदानानंतरची वागणूक: सभेत उठून विचारायला हवे होते, की जून १९५८ मध्ये इम्रे नॉज यांना फाशी दिली, त्याविषयी पुढाऱ्यांचे म्हणणे काय आहे. १९६८ मध्ये चेकोस्लोव्हाकियात सोव्हिएत रणगाडे गेले, तेव्हा अशोक मेहता त्यावरून केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडले, आणि डांगे अध्यक्ष असलेल्या पक्षाने पुन्हा तेच समर्थन केले. बारा वर्षांत बीळ रुंदावले होते.

“चरीच्या संपाच्या कार्यक्रमात यंदा मुलांना बुडापेस्टच्या संपाचेही सांगा, बाई,” भाई म्हणाले.

“ते तुम्ही सांगा, भाई. तुमच्या तोंडून ऐकले म्हणजे मुलांना दोन्ही संप एकाच जातीचे वाटतील.”