बालकाला मधोमध उभे करू या



संत मार्कच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात एक हवालदिल बाप आपल्या मुलाला प्रभू येशूकडे घेऊन येतो. मुलाला झटके येतात, तोंडाला फेस येतो. हा कधी आगीत पडतो, कधी पाण्यात, असे बाप सांगतो. प्रभू त्याची विचारपूस करतो, मुलाला बरे करतो आणि हाताला धरून उठवतो. त्याच अध्यायात थोडे पुढे प्रभू एका बालकाला शिष्यांच्या मधोमध उभे करतो व कवेत घेतो. हे दोन प्रसंग आज आपण एकत्र वाचू या. कारण काही घरांत झटके आईला किंवा वडिलांना येतात आणि बालक त्यांच्या कडेवर असते.

फिट, फेफरे किंवा मिरगी म्हणजेच अपस्मार. हा मेंदूचा आजार आहे. तो शाप नाही, भूतबाधा नाही आणि संसर्गजन्यही नाही. जगात सुमारे ५ कोटी लोकांना तो आहे. योग्य निदान व औषधोपचार मिळाले, तर त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटविना जगू शकतात. तरीही लग्न जुळणार नाही, लोक नावे ठेवतील, ह्या भीतीने घरोघरी तो लपवला जातो. आपल्या ख्रिस्तसभेच्या १९१७ च्या कायद्यात अपस्मार हा याजकपदाच्या आड येत असे. १९८३ च्या कायद्यात तो उल्लेख राहिला नाही. हिंदू विवाह कायदा व विशेष विवाह कायदा ह्यांतील अपस्माराची अटही १९९९ साली काढण्यात आली. कायदे बदलले, आता आपली मने बदलायला हवीत. कारण लपवण्याची किंमत लहान मूल मोजते. शेजाऱ्याला ठाऊकच नसेल, तर मूल रडत असताना धावून कोण येणार?

शुभवर्तमानातील आग आणि पाणी आजही आपल्या घरात आहेत. म्हणून काही साध्या गोष्टी पाळू या. फिट येणाऱ्या आईने बाळाला एकटीने आंघोळ घालू नये. सोबत कोणी नसेल, तर ओल्या फडक्याने अंग पुसावे. बाळाचे कपडे पलंगावर नव्हे, तर जमिनीवर चटई अंथरून बदलावेत. दूध पाजताना खाली बसून भिंतीला टेकावे, बाजूला उशा ठेवाव्यात. बाळाला कडेवर घेऊन शेगडीजवळ किंवा विहिरीवर जाऊ नये. वडिलांना फिट येत असेल, तर त्यांनी मुलाला स्कूटरवरून नेऊ नये. झोपमोड झाल्याने फिट येऊ शकते, म्हणून रात्री बाळासाठी घरातील इतरांनीही उठावे.

नोव्हेना जरूर करू या, पण गोळ्या बंद करू नयेत. गरोदरपणातही स्वतःच्या मनाने औषध सोडणे धोक्याचे आहे. काही औषधे गर्भाला बाधक असतात, म्हणून दिवस राहण्यापूर्वीच डॉक्टरांना भेटावे. अपस्मार असलेल्या बहुतेक मातांना निरोगी बाळे होतात, हेही विसरू नये.

मुलाच्या मनाचीही काळजी घेऊ या. आपण खोड्या केल्या म्हणून आई पडली, असे लेकरू मनात धरून बसते. त्याला समजेल अशा शब्दांत सांगू या, की ह्यात तुझा काहीही दोष नाही. थोडे मोठे झाले, की त्याला शिकवू या: आईला कुशीवर वळवायचे, तिच्या तोंडात चमचा किंवा पाणी घालायचे नाही, शेजारच्या काकूंना हाक मारायची. कांदा, चप्पल हुंगवणे किंवा हातात किल्ली देणे ह्यांचा उपयोग नसतो, हे मोठ्यांनीही लक्षात ठेवावे. फिट पाच मिनिटांहून अधिक टिकली, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मात्र मुलाला घरचा पहारेकरी करू नये. त्याला खेळू द्यावे, शाळेत जाऊ द्यावे. पहारा ही मोठ्यांची जबाबदारी आहे.

ती जबाबदारी एकट्या कुटुंबाची नाही. अशा घरातील मूल आजारी आईपासून तोडणे हा उपाय नव्हे. त्या आईच्या हाताला आपला हात जोडणे, हा उपाय आहे. आपल्या वाडीतील लहान ख्रिस्ती समूहात एखाद्या कुटुंबाने धीर करून आपला आजार सांगितला, तर कुजबुज करू नये. बाळाच्या आंघोळीच्या वेळी कुणी तासभर जावे, कुणी मुलाला शाळेत सोडावे, कुणी आपला फोन नंबर त्या घराच्या भिंतीवर लिहून द्यावा. बालकाला स्वीकारतो तो मलाच स्वीकारतो, असे प्रभूने शिकवले आहे. ते बालक कदाचित आपल्या शेजारच्याच घरात आहे.

हे प्रभो, आजारी माता-पित्यांना तू हाताला धरून उठव. त्यांच्या लेकरांना आगीपासून, पाण्यापासून आणि लोकांच्या कठोर शब्दांपासून राख. आणि त्यासाठी आमचे हात वापर. आमेन.