शून्य कोणी सांगितलं?

लिनक्स सर्व्हरवरून एसएसएचने विंडोजच्या मशीनवर एखादा प्रोग्राम चालवला आणि तो मधेच कोसळला, तर लिनक्सला काय कळतं? थांबणारा प्रोग्राम मागे एक आकडा ठेवतो. शून्य म्हणजे काम फत्ते, बाकी काहीही म्हणजे गडबड. विंडोजवर हा आकडा ३२ बिटांचा. नको त्या मेमरीला हात लावून मेलेला प्रोग्राम तिथे ३२२१२२५४७७ ठेवून जातो. एसएसएचच्या प्रोटोकॉलमध्ये एवढ्या आकड्याला जागा आहे. पण लिनक्सवर एसएसएच स्वतः संपतं तेव्हा त्यातले शेवटचे ८ बिट उरतात. हाती येतो ५. विंडोजच्या एरर-यादीत ५ म्हणजे 'परवानगी नाही'. माहीतगार माणूस मग परवानग्या तपासत बसतो. (अजाण माणूस इथे सुखी.)

२५६ आला तर त्याहून वाईट. त्याचे शेवटचे ८ बिट शून्य! निघालं अपयश, पोचलं यश.

समजा, एखाद्या पतसंस्थेच्या हिशेबांचा बॅकअप रोज रात्री असा घेतला जातो, आणि स्क्रिप्टमध्ये ओळ आहे: शून्य आलं तर जुनी प्रत पुसा. नवी प्रत अर्धवट, जुनी गेली. खोटं कोण बोललं? विंडोजने खरं तेच सांगितलं. लिनक्सने आपला जुना, लिहून ठेवलेला नियम पाळला. खोटं बोलणारा सापडत नाही, ठेवीदारांचे हिशेब मात्र गेलेले आहेत.

विल्यम क्लिफर्डने १८७७ सालच्या 'द एथिक्स ऑफ बिलीफ' या निबंधात एका जहाजमालकाला दोषी धरलं. जहाज जुनाट असल्याची शंका त्याला आली होती, ती त्याने दाबली. आपल्या स्क्रिप्टवाल्याला शंका येण्याचं कारणच नव्हतं. शून्याइतका स्वच्छ निरोप दुसरा कुठला? ८ बिटांचा नियम त्याला ठाऊक असायला हवा होता, हे म्हणणं मला पटत नाही. असे नियम हजारो आहेत आणि सगळे कुणालाच ठाऊक नसतात.

तरी त्याला मी मोकळा सोडणार नाही. पुसण्याचा अधिकार त्याच्या ओळीने घेतला होता. ज्याच्या कृतीला माघार नाही, त्याला दुसऱ्याच्या निरोपावर थांबता येत नाही. नवी प्रत उघडून, त्यातल्या खात्यांची बेरीज जुळवून मगच जुनीला हात लावायचा. याला काही मिनिटं लागतात. ग्राहकाला दिलेल्या कोटेशनमध्ये ती मिनिटं सहसा नसतात.